एवढं कडवं होऊ दे

१

लातुरात भारी स्पीकर विकत मिळतो, ऐकायला मिळत नाही. दुकानदार खोकं दाखवतो, खोक्यावरचं चित्र दाखवतो आणि वर खात्री देतो की मॅडम, लई बेस हाय, काचा हलतील. काचा हलवायला मला स्पीकर नकोच होता. मला एका बाईचा आवाज हवा होता, जसा होता तसा.

ती बाई म्हणजे माझी आई, सरजाबाई. भूकंपानंतर किल्लारी भागातली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली, त्यांत आम्हीही होतो. तिथे दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आईचं गाणं भरून घेतलं. आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. गाणं भीमाचं, तिनं स्वतःच रचलेलं. मागे दाण्यांची सळसळ आहे, पत्र्याला वारा लागल्याचा आवाज आहे, आणि मध्येच एक पोर म्हणते, "आई, पाणी." ती पोर मी. आई गाण्याचा धागा न सोडता, त्याच चालीत बसवल्यासारखं म्हणते, "थांब माया, एवढं कडवं होऊ दे." पुढे शेवटचं कडवं अर्ध्यावर असतानाच टेप संपते. ते पुरं कसं होतं हे नंतर आईलाही आठवलं नाही. गाणी लिहून ठेवणाऱ्यांतली ती नव्हती.

माझं नाव महामाया. मला माया म्हणणारी ती एकटीच. बाकीच्यांनी माझं मॅडम करून टाकलंय.

दरवर्षी तिच्या स्मृतिदिनाला वंदना झाली की आम्ही ही टेप लावतो. शेडमध्ये पत्र्याच्या पलीकडे राहणाऱ्या केवळाबाई आता औश्याला लेकाकडे असतात, पण त्या दिवशी न चुकता येतात. ती पाण्याची जागा आली की मांडीवर थाप मारून विचारतात, "मग दिलं का न्हाई लेकराला पाणी?" सगळे हसतात. तो हशा आता आमच्या कार्यक्रमातच धरलेला आहे.

गेल्या वर्षी जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर फाटला. आईचा आवाज बादलीखालून आल्यासारखा येऊ लागला. यंदा मी ठरवलं, घ्यायचा तर असा स्पीकर घ्यायचा की आई हॉलमध्ये बसून गातेय असं वाटलं पाहिजे.

२

मी बारावीच्या मुलांना क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. लातुरात परीक्षेच्या हंगामात मास्तरांना मरायलाही रजा मिळत नाही. तरी एका रविवारी पुण्याला जाऊन आले. त्या दुकानात ऐकायची खोली वेगळी, खाली गालिचा, भिंतींना जाड पडदे, आणि तिथला माणूस दवाखान्यात बोलावं तसा हळू बोलत होता. त्यानं त्याचीच घासूनपुसून ठेवलेली गाणी ऐकवली. मी पर्समधून कॅसेट काढली तर तो माझ्याकडे बघतच राहिला. त्यांच्याकडे कॅसेट वाजवायचं यंत्रच नव्हतं. शिवाय त्या पडद्यांत गोड वाजलेला स्पीकर आमच्या हॉलमधल्या उघड्या फरशीवर आणि लोखंडी कपाटापुढे कसा वाजेल, याची हमी कोण देणार? लातूरला नेऊन ऐकायला ते देत नाहीत. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते स्पीकरलाही लागू आहे.

अशाच अडलेल्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे, कानसेन मंडळ. कुणी मुरुडचा, कुणी धर्माबादचा, कुणी उदगीरचा. सगळ्यांना खोड एकच आणि दुकान कुणाच्याच गावात नाही. त्यामुळे नांदेडचे अमरेश हे सगळ्या मंडळाचे कान झाले होते. त्यांच्या माडीवर ऐकायची खोली होती, कॅसेट वाजवायचा जुना डेक होता, आणि विक्रेते ठेवून गेलेल्या स्पीकरच्या जोड्या असायच्या. तुमची आवडती टेप पाठवायची. ते ती एकेका जोडीवर वाजवणार, खुर्चीत जिथे माणसाचं डोकं येतं तिथे दोन कानांसारखे दोन माइक ठेवून भरून घेणार, आणि ते रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवणार.

"हेडफोन तेच, खोली तीच, टेप तीच," त्यांनी मला समजावलं होतं. "बदलतो तो फक्त स्पीकर. मंग कानाला जो फरक लागंल तो स्पीकरचाच ना मॅडम?"

प्रयोग कसा करावा हे मी मुलांना अगदी याच शब्दांत शिकवते. मी तिथेच पाघळले.

त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. फोटो म्हणून एक रिकामी खुर्ची होती, बैठकीला खळगा पडलेली. हे सगळं लोकांसाठी कशाला करता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बोलून पाठवलं, "मला माझ्या आईचा आवाजच आठवत न्हाई मॅडम. आठवाया बसलो की नुसतं तोंड हलताना दिसतं. दुसऱ्याला तरी नीट ऐकू यावं." ते ऐकून माझे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू.

३

माझ्याकडे टेपची एक नक्कल पेनड्राइव्हवर होती. तीच पाठवते म्हटलं तर अमरेश म्हणाले की नकलेवर स्पीकर पारखता येत नाही, मूळच हवी. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मी वर्गात फळ्यावर लिहिते. स्वतःच्या वेळी मूळ कॅसेट काढून दिली.

ती हरिओम घेऊन गेला. मुरुडला त्याचं खताचं दुकान आहे, तोही मंडळातला, त्याचेही स्पीकर अमरेश यांनीच निवडून दिलेले. कॅसेट हातात घेताना तो क्षणभर घुटमळला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "जपून नेतो," आणि गेला.

पहिलं रेकॉर्डिंग आलं ते मी दुपारी हॉलमध्ये पंखा बंद करून, हेडफोन लावून ऐकलं. उंच, उभे स्पीकर होते. आई इतकी स्वच्छ आली की शब्दाआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. पाण्याची जागा आली.

"थांब माया, एवढं कडवं होऊ दे," आई म्हणाली.

पण पाणी कुणी मागितलंच नव्हतं. माझा आवाज तिथे नव्हता.

मी कारण शोधलं, ते लगेच सापडलंही. लेकराचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला. जोडीचं वरचं अंग कच्चं असलं की असे आवाज बुडतात. मी तसं मंडळात लिहिलं. अमरेश यांचं उत्तर आलं की बरोबर ओळखलंत, ही जोडी लेकरांचे आवाज खाते, दुसरी लावून पाठवतो. माझ्या कानांचं कौतुक झालं म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

४

दुसरी जोडी लहान होती, कागदी पडद्याची. या खेपेला आईचा आवाज ऊबदार होता. पाणी याही वेळी कुणी मागितलं नाही. आणि आई म्हणाली, "थांब, एवढं कडवं होऊ दे."

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. स्पीकर पट्टी खातो, शब्द खात नाही. आणि नाव पुसलं असतं तर त्याची जागा तरी मोकळी राहिली असती. जागा मोकळी नव्हती. 'थांब'ला 'एवढं' लागून होतं, मधे कधी काही नव्हतंच अशा थाटात.

आणखी एक गोष्ट होती. दादांचा टेपरेकॉर्डर साधा, एका माइकचा. असा आवाज दोन स्पीकरांवर लावला की बरोबर मधोमध ऐकू येतो, डावीकडे-उजवीकडे हलत नाही. आईचा आवाज मधोमध होता. दाण्यांची सळसळ मात्र डाव्या कानाशी होती. अगदी जवळ. स्पीकर समोर होते, आणि सूप खुर्चीच्या शेजारी होतं.

पेनड्राइव्ह काढून ऐकला. त्यात सगळं जिथल्या तिथे होतं. "आई, पाणी." "थांब माया." मी सुटकेचा श्वास सोडला आणि नवऱ्याला, धम्मदीपला, दोन्ही ऐकवलं. तो बँकेत आहे, त्याला सगळ्या गोष्टींचं कारण कुणीतरी मधे काहीतरी कापून घेतं हेच वाटतं. म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅप आवाज दाबून पाठवतं, त्यात गेलं असेल. मीही मान हलवली. शिकल्यासवरलेल्या माणसाला मान हलवायला फार काही लागत नाही.

तरी मी अमरेश यांना कळवलं की टेप परत पाठवा. त्यांनी एकच जोडी राहिल्याचं सांगितलं. तेवढी ऐकाच म्हणाले.

५

तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये पत्रा नव्हता. वारा नव्हता. एका बंद खोलीत आई बसली होती आणि गात होती, निवांत, दुपारचं काम आवरल्यावर गायची तशी. पाण्याची जागा आली.

"थांब अमर, एवढं कडवं होऊ दे."

आणि तिनं ते होऊ दिलं. शेवटचं कडवं, जे अर्ध्यावर तुटायचं, ते तिनं पुरं म्हटलं. मला हे सांगायची लाज वाटते, पण राग नंतर आला. आधी मी रडले, कारण ते कडवं कसं संपतं ते मला कळलं होतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते तिनं दुसऱ्या कुणाला म्हणून दाखवलं होतं.

मग मात्र माझं डोकं ताळ्यावर आलं. हल्ली कुणाचाही आवाज घेऊन संगणकावर हवं ते बोलून घेता येतं. माझ्या क्लासची पोरं माझ्या आवाजात एकमेकांना सुट्टी जाहीर करतात. या माणसानं माझ्या आईला घेऊन तसाच खेळ मांडला होता. मी फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हणाले. अमरेश यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला ते संगणकाचं जमत न्हाई मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "मी फकस्त टेप लावून बसतो. पुढचं त्यांचं त्या बघतात."

मी हरिओमला फोन केला. तू काय पाठवलं होतंस त्यांना, असं थेट विचारलं. मागे कुणीतरी गिऱ्हाईक खताचं नाव घेत होतं. त्याला वाटेला लावून हरिओम म्हणाला, वडिलांच्या, अण्णांच्या, भजनाची टेप पाठवली होती.

"आता ऐकतोस का ती?"

"न्हाई."

"का?"

"त्यात आता काय न्हाई मॅडम."

मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, तुमी इचारलं न्हाई. आणि मग खालच्या आवाजात, मला बरं वाटावं म्हणून बोलावं तसं बोलला, "अण्णा तिथं खूश हायत. मी ऐकून आलोय."

माणसानं माणसाला एवढंही सांगू नये? माझ्याच हातून माझी कॅसेट घेऊन गेलेला माणूस. मी फोन ठेवला आणि रजेचा अर्ज टाकला.

६

नांदेडला अमरेश यांचं घर गोदावरीच्या अंगाला, उतारावरच्या एका गल्लीत होतं. खाली कुलूप, बाजूनं माडीवर जाणारा जिना. दुपारची वेळ होती, लख्ख ऊन होतं, समोरच्या ओट्यावर एक बाई वाळवण राखत बसली होती. इथे काही वाईट घडेल असं कुणालाही वाटलं नसतं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर चपला होत्या. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दारात जेवढ्या असाव्यात त्याहून बऱ्याच. टायरच्या तळाच्या पुरुषी वहाणा, एक काठी, आणि बायकांच्या झिजलेल्या स्लिपर. त्यांतला निळ्या पट्ट्याचा जोड मी पाहिला. पट्टा तुटल्यावर सेफ्टी पिन लावलेला. आईच्या पायात शेवटपर्यंत तसलाच जोड होता. तसले जोड बाजारात ढिगानं मिळतात, हे मी स्वतःला सांगितलं.

अमरेश यांनी दार उघडलं. साठीचा बारकेला माणूस, स्वच्छ सदरा. केसांना तेल चोपडून भांग पाडलेला, शाळेत जाणाऱ्या लेकराचा पाडतात तसा. कुणीतरी पाडून दिलेला. ते माझ्यावर चिडले नाहीत, की घाबरले नाहीत. आधीच काढून ठेवल्यासारखी कॅसेट त्यांनी पुढे केली.

"घ्या मॅडम. जशी आली तशी हाय."

त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून ती फोटोतली खुर्ची दिसत होती. समोरच्या स्पीकरांवर चादरी टाकलेल्या होत्या, डेकचा दिवा बंद होता. काही वाजत नव्हतं. आणि सूप वाजत होतं. दाणे एका बाजूला सरकत होते, थांबत होते, पुन्हा सरकत होते. खुर्चीच्या डाव्या अंगाला, जमिनीलगत, हिरव्या बांगड्यांचा एक हात फटीत आला, दोन खडे बाहेर टाकले, आणि मागे गेला.

"कोन हाय रे, अमर?"

"कुनी न्हाई आई. पत्ता चुकलाय."

मी काय करायला आले होते ते विसरले. पोलीस, मंडळात त्यांचं बिंग फोडणं, सगळं. मी दारातूनच म्हणाले, "आई, मी माया."

सूप थांबलं. मला ठाऊक आहे ते थांबणं. ती कुणाचं बोलणं मन लावून ऐकायची तेव्हा तिचे हात असेच थांबायचे. मला वाटलं, आता उठेल. गुडघ्यावर हात ठेवून, अगं बाई म्हणत उठेल.

"कोन माया?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, काही लपवणं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग तिला तिची रीत आठवली असावी, कारण ती म्हणाली, "उन्हातनं आली असंल बिचारी. पाणी दे तिला."

अमरेश आत गेले आणि पाणी घेऊन आले. ते पेला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा भरल्या घरातल्या माणसासारखा होता. कानामागून आला आणि तिखट झाला, तो हा माणूस. मला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं. पण लातुरापासून बसमध्ये घशाला कोरड पडली होती, आणि पाणी तिनं द्यायला सांगितलं होतं. मी ते प्यायले. सगळं प्यायले.

आत तिनं गाणं पुन्हा धरलं होतं. मी जिना उतरले तेव्हा तिनं एकदाही आवाज दिला नाही.

७

धम्मदीपला मी एवढंच सांगितलं की टेप आणली. त्यानं पुढचं विचारलं नाही. स्पीकर घेतले ते अमरेश यांनी ऐकवलेलेच, तिसऱ्या खेपेचे. रागानं दुसरे घ्यायला हवे होते, पण आई सर्वांत जवळ आली होती ती याच जोडीवर, आणि आशा फार निर्लज्ज असते. आधी एकदा लावून बघण्याची मात्र हिंमत झाली नाही.

स्मृतिदिनाला हॉल भरला. वंदना झाली. केवळाबाई पुढेच, पाय लांब करून बसल्या होत्या. लोकांनी नव्या स्पीकरांकडे कौतुकानं पाहिलं. मी स्पीकरांना जोडलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

पत्र्यावर वारा लागला. नुसता वारा. काय वाजवलं स्पीकरांनी, शेडच्या खिळ्यांची करकरसुद्धा आली. सगळे वाट पाहत होते. दाणे वाजले नाहीत. गाणं आलं नाही. वारा येत राहिला.

धम्मदीप उठला, टेप झिजली असेल म्हणाला आणि त्यानं पेनड्राइव्ह लावला. त्यात गाणं होतं, आम्ही दोघांनी मिळून ऐकलं होतं. आता त्यातही वाराच होता. धम्मदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मग पोरीचा आवाज आला. इतका स्वच्छ की तिच्या तोंडाची कोरड ऐकू यावी.

"आई, पाणी."

लोक सवयीनं हसायला लागले आणि थांबले. कारण कुणीच काही उत्तर दिलं नाही. वारा वाजला. "आई, पाणी," पोर पुन्हा म्हणाली. मूळ टेपमध्ये मी एकदाच मागितलं होतं. एकदाच मागावं लागलं होतं. "आई?" ती म्हणाली. तिला शेड रिकामी असल्याचं अजून कळलं नव्हतं.

केवळाबाईंनी यंदा मांडीवर थाप मारली नाही. त्या कानाला हात लावून ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू कसनुसा झाला.

"लेकरू कवाधरनं मागायलंय," त्या म्हणाल्या. "द्या की गं कुनीतरी."

धम्मदीपचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. मी स्वयंपाकघरात गेले, तांब्या भरून घेतला आणि हॉलमध्ये आले. एका माइकचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध येतो. मी तांब्या तिथे, फरशीवर ठेवला आणि शेजारी बसले.

पोर मागतच राहिली.